प्रस्ताराची वही आणि वाग्गेयकार

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव दरबारी, सिंघण राजाच्या पदरी हिशेबाच्या दफ्तराचा कारभार पाहणाऱ्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचिला, तेव्हा जमाखर्चाची शिस्त त्याने स्वरांनाही लाविली. सात स्वर प्रत्येकी एकदाच घेतले असता त्यांचे ५०४० क्रम संभवतात. त्यांपैकी अमुक क्रमांकाची तान कोणती आणि अमुक तानेचा क्रमांक कोणता, हे सारा प्रस्तार, म्हणजे सर्व क्रमांची यादी, न मांडता खंडमेरूच्या कोष्टकावरून काढण्याची ‘नष्ट’ व ‘उद्दिष्ट’ ही रीत त्याने सांगितली. गाण्याचा गंध नसलेल्या कारकुनासही ती बिनचूक चालविता यावी.

असा निर्जीव कारकून पुढे विलायतेत कल्पिला गेला. गणिती बॅबेजच्या अपूर्ण राहिलेल्या गणनयंत्रावर १८४३ मध्ये टिपणे लिहिताना एडा लव्हलेस हिने, स्वरांचे परस्परसंबंध नियमबद्ध करता आल्यास हे यंत्र संगीतही रचू शकेल, असे भाकीत केले. आणि त्याच टिपणांत, यंत्र स्वतः होऊन काही उत्पन्न करीत नाही, सांगितले तेवढेच करते, असा निवाडाही दिला. गणिती टुरिंगने १९५० मध्ये त्या निवाड्यास उत्तर दिले की, यंत्रे आपणांस वारंवार चकित करतात.

भाकीत खरे ठरले ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात. हिलर व आयझॅकसन या रसायनशास्त्र शिकलेल्या दोघांनी ‘इलियाक’ संगणकाकडून चार तंतुवाद्यांसाठी रचना करविली, आणि १९५६ च्या ऑगस्टात तिचे भाग प्रथम वाजविले गेले. यंत्र यदृच्छेने संख्या काढी, संख्येचा स्वर होई, आणि युरोपीय स्वरसंवादाच्या नियमांस तो न उतरल्यास रद्द होऊन दुसरा काढला जाई. प्रस्तार मांडण्याच्या पलीकडे जाऊन यंत्र आता निवडही करू लागले होते. मात्र निवडीचे कायदे परक्या दफ्तरातून आलेले होते.

शिष्यही गुरूचेच नियम उसने घेतो, हा आक्षेप रास्त आहे. परंतु शार्ङ्गदेवाने प्रस्तार पहिल्या अध्यायात ठेविला, राग दुसऱ्यात, आणि पद व चाल दोन्ही रचणाऱ्या वाग्गेयकाराची लक्षणे तिसऱ्यात. परक्या चालीवर शब्द बसविणाऱ्यास त्याने ‘कुट्टिकार’ म्हणून वेगळे काढिले. उत्तम वाग्गेयकाराकडून मात्र उष्टी नसलेली उक्ती, नवी चाल, दुसऱ्याच्या चित्ताची जाण आणि आर्द्रता मागितली. पहिल्या दोन मागण्या आजचे संगणक कदाचित पुरवितील. पुढच्या दोहोंचा दाखला मात्र रचना नव्हे, ती ऐकणाराच देऊ शकेल.