अखंड विजेचे मोल

धान्य कोठारात भरून ठेवता येते, पाणी तलावात अडविता येते. वीज मात्र मोठ्या प्रमाणावर साठविणे आजही कठीण आणि खर्चाचे आहे. ज्या क्षणी ती हवी, त्याच क्षणी ती बहुतांशी निर्माण करावी लागते. शिवाय शहर झोपी गेले तरी त्याची मागणी शून्यावर येत नाही. रुग्णालये, पाणीपुरवठ्याचे पंप, रात्रपाळीचे कारखाने यांची जी किमान मागणी अहोरात्र टिकून असते, तिला पायाभूत भार म्हणतात. हा भार वाहावयाचा कोणी, हा प्रश्न पश्चिम किनाऱ्यावर मुंबईच्या कापडगिरण्यांनी मोठ्या प्रमाणावर उभा केला.

गिरण्या बारमाही, तर सह्याद्रीतला पाऊस चौमाही. जमशेटजी टाटांच्या मनातील योजनेसाठी त्यांच्या निधनानंतर, १९१० साली, कंपनी स्थापन झाली. लोणावळ्याच्या परिसरात पावसाचे पाणी अडवून ते नळांवाटे सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीस सोडण्यात आले. १९१५ साली तेथील वीज मुंबईस मिळू लागली. चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने यंत्रे फिरली, ती साठवणीच्या बळावर.

परंतु साठवणीस जागा लागते. मुळशीच्या खोऱ्यात धरणाचे काम सुरू झाले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्याचे अग्रणी होते. अखेर तो लढा निष्फळ ठरला. गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली. त्याच पाण्यावर १९२७ साली भिरा येथील वीजघर चालू झाले.

पुढे १९५६ साली तुर्भे येथे औष्णिक, आणि १९६९ साली तारापूर येथे अणुवीज केंद्र सुरू झाले. वाफेवरची ही अजस्र यंत्रे थंड पडली की पुन्हा तापण्यास कित्येक तास घेतात. वारंवार थांबविणे त्यांना मानवत नाही. म्हणून अहोरात्रीचा भार त्यांच्याकडे येतो. जलविद्युत् यंत्रे काही मिनिटांत सुरू होतात. म्हणून संध्याकाळची वाढती मागणी भागविण्यास ती सोयीची. दुरुस्तीसाठी मोठे यंत्रही थांबवावे लागतेच; त्यासाठी दुसरे सज्ज ठेवावे लागते.

अखंडपणा हा केवळ यंत्राचा गुण नव्हे. त्यामागे पाण्याचा, कोळशाचा वा युरेनियमचा साठा असतो, आणि त्या साठ्याचे मोल कोणीतरी मोजलेले असते. मुंबईचे दिवे तेवत राहिले. मुळशीच्या शेतकऱ्यांना मात्र आपली जमीन परत मिळाली नाही.