डेव्हिड ग्रॉसमन : बातमी चुकवणाऱ्या आईची गोष्ट लिहिणारा बाप

हिब्रू कादंबरीकार डेव्हिड ग्रॉसमन यांचा जन्म १९५४ चा, जेरुसलेमचा. मुलगा लष्करी मोहिमेवर गेलाय. ‘तो गेला’ हे सांगायला कुणी आलंच तर आपण घरी सापडू नये, म्हणून आई गॅलिलीत पायी भटकत राहते, अशी कादंबरी ते लिहीत होते. ऑगस्ट २००६ मध्ये लेबनॉन युद्धात त्यांचाच मुलगा उरी मारला गेला. दोनच दिवस आधी ग्रॉसमन यांनी युद्ध थांबवा, असं जाहीरपणे सांगितलं होतं. कादंबरी मात्र त्यांनी सोडली नाही; २००८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नंतरच्या एका कादंबरीला २०१७ चा मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण ग्रॉसमन पहिल्यांदाच वाचणार असाल, तर या आईपासूनच सुरुवात करा. इंग्रजी अनुवादाचं नाव ‘टू द एंड ऑफ द लँड’.