रंग किती घ्यायचे? कोलकात्याने दिलेलं उत्तर

आज प्रश्न अगदी साधा आहे. पंचवीस वर्षांनी पुन्हा रंगकामाला बसायचं, तर सुरुवातीला रंग कोणते घ्यायचे?

हा प्रश्न माझ्यावर गेल्या दिवाळीत आला. नोकरीमुळे आम्ही कोलकात्यात, हाजरा भागात राहतो. लेक नऊ वर्षांची. तिला किल्ला करायचा होता, म्हणून गावाहून मातीचे मावळे मागवले. प्रवासात त्यांचे रंग उडाले. कुणाची पगडी पांढरी, कुणाला डोळेच नाहीत. म्हटलं, आपणच रंगवू. लहानपणी आजोबांबरोबर गणपतीच्या कारखान्यात मी हाताखाली बसायचो, तेवढी विद्या अजून हातात असेल.

परदेशात असलेल्या भाच्याला फोन केला. तो राक्षस, ड्रॅगन, चिलखती योद्धे अशा खेळातल्या बोटभर मूर्ती रंगवतो. तो म्हणाला, "मामा, साठ बाटल्यांचा संच घे, म्हणजे अडायला नको." मी घेतला नाही. घरात पडलेले जुने, लेबल निघालेले रंग होते, त्यांनीच सुरुवात केली. पाच मिनिटांत पाहतो तर लेक ब्रशचं टोक ओठांत धरून टोकदार करत होती. मी ओरडलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्हीच तर आत्ता केलंत."

खरं होतं. मी आजोबांकडून ती सवय उचलली होती आणि तिने माझ्याकडून. ते रंग मी तिथेच गुंडाळून ठेवले. आता "किती रंग" याच्या आधी "रंगात काय असतं" हे शोधणं भाग होतं. आणि त्यासाठी कोलकात्यासारखं शहर नाही.

एका रविवारी उत्तर कोलकात्यात बागबाजारला गेलो. तिथे एका गल्लीचं नाव आहे मराठा डिच लेन. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा इथल्या रहिवाशांनी इंग्रजांच्या परवानगीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठे शहरापर्यंत आले नाहीत आणि खंदक अर्धवटच राहिला. १७९९ मध्ये तो बऱ्याच भागात बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. बंगालच्या अंगाईगीतांत मात्र 'बर्गी' अजून येतात आणि आई मुलाला त्यांची भीती घालते. त्या गल्लीतून मी खिशात मातीचा मावळा घेऊन चाललो होतो!

तिथून जवळच कुमारटुली. दुर्गेच्या मूर्ती घडवणाऱ्यांची ही वस्ती. इथल्या अनेक घराण्यांचं मूळ नदिया जिल्ह्यातल्या कृष्णनगरचं. कृष्णनगरच्या घूर्णी भागातल्या छोट्या मातीच्या मूर्ती १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात मांडल्या होत्या. म्हणजे बोटभर माणूस मातीत करून रंगवणं, ही इथली जुनी विद्या आहे.

बनमाली सरकार स्ट्रीटवर एका वयस्क कारागिराला मी मावळा दाखवला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि विचारलं, "एटा के? बोर्गी?" मी चाचरत हो म्हटलं. ते हसले. मग रंगाचं विचारलं, तर म्हणाले, "दादा, आगे शादा." आधी पांढरा.

त्यामागे कारण आहे. न भाजलेली माती रंग पिऊन टाकते. तिच्यावर थेट लाल लावला तर तो विटकरी आणि मळकट दिसतो. म्हणून इथे मूर्ती वाळली की आधी खडूमातीचा हात देतात. त्यात चिंचोक्याची खळ असते. चिंचोके उकळून काढलेली ही खळ रंगाला मातीवर धरून ठेवते. त्या पांढऱ्या थरावर पडलेला प्रकाश रंगातून परत येतो आणि मूर्ती उजळते. आमच्या आजोबांचा पहिला हातही पांढराच असायचा. मला वाटायचं, जुना डाग झाकायला देतात.

मग मी विचारलं, पूर्वी रंग कुठले? त्यांनी पहिलं नाव घेतलं हरिताल, म्हणजे आपला हरताळ. देवीच्या अंगाचा पिवळा त्याचा. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. लालासाठी हिंगूळ असायचा, म्हणजे पारा आणि गंधक. सफेदा शिशाचा. आपला मारुतीचा शेंदूरही परंपरेने शिशाचाच. आता आठवा, कारागीर ब्रशचं टोक कुठे करत होते. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या कारखान्यात १९१७ नंतर मुली घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारे आकडे रंगवायच्या. त्या रंगात रेडियम होतं, आणि ब्रश ओठांत धरून टोक करायला त्यांना शिकवलं होतं. कित्येकींचे जबडे गेले, जीव गेले.

म्हणजे "पूर्वीचे रंग नैसर्गिक, म्हणून चांगले" हे आपण सहज म्हणतो, ते अर्धंच खरं. हरताळ खाणीतूनच येतो.

आता किती रंग, या प्रश्नाकडे येऊ. त्याचं उत्तर मला दोन ठिकाणी मिळालं. पहिलं आमच्या घराजवळच, कालीघाटला. एकोणिसाव्या शतकात मंदिराभोवती पटुवा चित्रकार बसायचे. गावाकडे ते लांबलचक पटावर कथा रंगवत. इथे यात्रेकरूला घरी न्यायला स्वस्त चित्र हवं होतं. मग गिरणीचा कागद आणि पाण्यातले मोजकेच रंग घेऊन त्यांनी एका बैठकीत अनेक चित्रं काढायला सुरुवात केली. त्यांची युक्ती बघा. आकृतीच्या कडेला रंग दाट लावायचा आणि ओल्या ब्रशने आत ओढत फिका करत न्यायचा. एकाच रंगात छाया आणि उजेड, आणि हात गोल दिसतो! पुढे छापील चित्रं स्वस्त झाली आणि हा धंदा बसला. आज त्यातली सहाशेहून जास्त चित्रं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

दुसरं उत्तर यामिनी रॉय यांचं. जन्म १८८७, बांकुडा जिल्ह्यातलं बेलियातोड गाव. कलकत्त्याच्या सरकारी आर्ट स्कूलमध्ये ते तैलरंग शिकले, पाश्चात्त्य पद्धतीची व्यक्तिचित्रं काढू लागले, कामंही मिळू लागली. ट्यूबमधले हवे तेवढे रंग हाताशी होते. आणि १९२० च्या दशकात, पस्तिशी ओलांडल्यावर, ते कालीघाटच्या पटांकडे आणि गावच्या चित्रांकडे वळले. पुढे त्यांनी स्वतःला सात रंगांचं बंधन घालून घेतलं: गेरूसारखा इंडियन रेड, पिवळी माती, हिरवा, हिंगुळी, करडा, निळा आणि पांढरा. रेषेला काजळी. करडा नदीच्या गाळाचा, निळा निळीचा, पांढरा साध्या खडूचा आणि बांधायला चिंचोक्याची खळ. पैसे नव्हते म्हणून सात, एवढंच ते नव्हतं. सात रंगांत प्रत्येक रंगाला काम होतं आणि रेषेला लपायला जागा उरत नव्हती. १९५४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

पण त्यांचा हिंगुळी पूजेतल्या पाऱ्याच्या लाल पुडीचा होता, हेही विसरू नका. म्हणून माझा निष्कर्ष असा: यामिनीबाबूंकडून रंगांची संख्या घ्यायची, सामग्री नाही. सामग्री आजची घ्यायची, आणि डबीवर काय लिहिलंय ते वाचून. आपल्या देशात २०१६ साली नियम झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला: घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० च्या वर नको. कुमारटुलीतही प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारागिरांना शिसंमुक्त रंग वाटले आहेत.

शेवटी मी सहा डब्या घेतल्या. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक, वर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेले: पांढरा, काळा, पिवळी माती, गेरू, भडक लाल आणि निळा. हिरवा हवा तर पिवळ्यात निळा. भडक पोपटी होत नाही, शेवाळी होतो, आणि किल्ल्याला तोच शोभतो. करडा पांढऱ्या-काळ्यातून. अंगाचा रंग गेरू, पिवळा आणि पांढरा मिसळून. प्रत्येक मावळ्याचा जरा वेगळा होतो, माणसांचा असतो तसा. रंग पातळ करून दोन हात द्यायचे, दाट करून एक नाही, नाहीतर नाकडोळे बुजतात. साठ बाटल्या असत्या तर मी रंग निवडत बसलो असतो. सहा होते म्हणून रंगवत बसलो.

आणि ब्रशचं टोक? ओल्या फडक्यावर फिरवून करायचं. आमच्या टेबलावर आता एक फडकं कायम असतं. माझा हात अजूनही चुकून तोंडाकडे जातो, आणि लेक न बोलता ते फडकं पुढे सरकवते.

डोळे आम्ही सगळ्यात शेवटी काढले. कुमारटुलीत देवीचे डोळे महालयेच्या दिवशी रंगवण्याची प्रथा आहे. आम्ही वसुबारसेची संध्याकाळ निवडली. काळ्या रंगाचा एक एक ठिपका. शेजारच्या बंगाली मैत्रिणीने किल्ला पाहून विचारलं, हे कोण? लेकीने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बोर्गी. पण हे आमच्या घरचे आहेत."

तुमच्या घरात रंग उडालेली एखादी मूर्ती असेल, तर ती बाहेर काढा. आधी पांढरा हात द्या. बाकीचे पाच रंग पुरतात.