ऑनलाइन कार्यक्रमाचे स्वरूप

ऑनलाइन कार्यक्रमाचे स्वरूप म्हणजे व्याख्यान, सभा, वर्ग किंवा उत्सव आंतरजालावरून लोकांपर्यंत नेताना निवडलेली मांडणी. परस्परसंवादी बैठक, वेबिनार, थेट प्रक्षेपण, पूर्वमुद्रित कार्यक्रम आणि सभागृह व पडदा दोन्ही वापरणारा संमिश्र कार्यक्रम हे त्याचे रूढ प्रकार होत. मार्च २०२० मधील टाळेबंदीनंतर भारतात त्यांचा वापर सार्वत्रिक झाला. स्वरूपाची निवड तांत्रिक वाटली, तरी कोणता श्रोता बाहेर राहणार हे बहुधा तिथेच ठरते.

प्रकारांतील भेद

बैठकीत प्रत्येकाला बोलता येते. म्हणून ती अभ्यासमंडळ, कार्यकारिणी किंवा छोट्या वर्गास योग्य ठरते. वेबिनारमध्ये वक्ते बोलतात व श्रोते सहसा लेखी प्रश्न पाठवतात. थेट प्रक्षेपण हजारोंपर्यंत पोहोचते, पण त्यात श्रोत्याचा प्रेक्षक होतो.

शालेय शिक्षणातील अनुभव

महाराष्ट्रात या निवडीची खरी कसोटी शाळांनी पाहिली. थेट भरणाऱ्या वर्गासाठी स्मार्टफोन, पुरेसा डेटा आणि स्थिर नेटवर्क लागते. घरात एकच फोन असेल आणि तो घेऊन पालक कामावर गेले असतील, तर मुलाच्या दृष्टीने तो वर्ग भरतच नाही. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ ही मालिका या अडचणीचे एक उत्तर होती. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या आधारे तिची निर्मिती केली. घरात व परिसरात करून पाहता येतील अशा कृतींवर तिचा भर होता. शंका विचारण्याची सोय दूरचित्रवाणीत नसते, ही उणीव खरीच. परंतु आंतरजालाची अट तिने काढून टाकली. पालघर जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ या उपक्रमात ध्वनिवर्धकावरून पाठ ऐकवले. येथे पडदाही नव्हता. तरीही श्रोत्याच्या परिस्थितीवरून माध्यम ठरवण्याचे हे उदाहरण कोणत्याही वेबिनारपेक्षा अधिक बोलके आहे.

सभा आणि बोलण्याचा हक्क

जेथे सभासदाला प्रश्न विचारण्याचा व मत देण्याचा अधिकार असतो, तेथे एकतर्फी प्रक्षेपण पुरेसे नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ८ एप्रिल २०२० च्या परिपत्रकाने कंपन्यांच्या असाधारण सर्वसाधारण सभा दृक्‌श्राव्य माध्यमातून घेण्यास मुभा दिली, तेव्हा दुतर्फी संवादाची अट घातली. सभासदांना सभेतच प्रश्न विचारता यावेत किंवा ते आधी पाठवता यावेत, अशी ती तरतूद होती. ई-मतदान बंधनकारक असलेल्या कंपन्यांना किमान १,००० सभासद सामावतील अशी व्यवस्था करावी लागे. ५ मे २०२० च्या परिपत्रकाने त्या वर्षीच्या वार्षिक सभांनाही ही वाट खुली झाली.

उत्सवाची गरज याहून वेगळी असते. २०२० च्या गणेशोत्सवासाठी राज्य शासनाने मंडळांना केबल, संकेतस्थळ व फेसबुकद्वारे दर्शनाची सोय करण्याचे आवाहन केले. दर्शनार्थीला बोलायचे नसते, पाहायचे असते. त्यामुळे तेथे थेट प्रक्षेपण पुरते.

वेळ

अंबरनाथ, बदलापूर किंवा उल्हासनगरातून मुंबईत नोकरीस जाणारा श्रोता संध्याकाळी सातला बहुधा लोकलच्या गर्दीत असतो. त्याला थेट व्याख्यानापेक्षा मुद्रण सोयीचे. तेही दोन तासांचे सलग नव्हे, तर विषयवार तुकड्यांत. परदेशस्थ मराठी कुटुंबांचा प्रश्न घड्याळाचा आहे. उन्हाळ्यात भारतातील सायंकाळचे ७ म्हणजे लंडनमध्ये दुपारचे २.३०, न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ९.३० आणि कॅलिफोर्नियात पहाटेचे ६.३०. हिवाळ्यात तेथील घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे निमंत्रणपत्रिकेत प्रत्येक ठिकाणची स्थानिक वेळ स्वतंत्रपणे छापावी लागते.