थंड हवेचे ओझे

चैत्र सरून वैशाखाचे ऊन तापू लागले म्हणजे उत्तरेतील मराठी बिऱ्हाडांतून दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात, रजेचा अर्ज वरिष्ठांच्या मेजावर जाऊन पडलेला असतो, आणि सिमला, मसुरी की नैनिताल ह्या प्रश्नाचा काय तो निकाल लागावयाचा असतो. गाडीची आरक्षणे, उतरण्याची सोय, लोकरी कपडे, बरोबर न्यावयाचा फराळ अशी सारी सिद्धता यथासांग होते. परंतु उन्हाळ्यात डोंगरावर जाण्याचा हा परिपाठ आला कोठून, आणि त्याचा भार आजवर कोणी वाहिला, हा विचार सामान बांधताना सहसा कोणाच्या मनात येत नाही. सरकारी नोकरीत आयुष्य काढणाऱ्या आपल्यासारख्यांनी तर तो अवश्य करावयास हवा; कारण ह्या परिपाठाचा जन्मच मुळी सरकारी दप्तरात झालेला आहे.

आपल्या पूर्वजांना डोंगर अपरिचित होता असे नव्हे. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या समाजाला तो कसा असेल? पण गडावर जावयाचे ते राखणीसाठी किंवा लढण्यासाठी, आणि हिमालयात जावयाचे ते पुण्यासाठी. बद्रीकेदाराची दारे उन्हाळ्यात उघडतात म्हणून यात्रा उन्हाळ्यात निघे, गारवा भोगावा म्हणून नव्हे. धडधाकट यात्रेकरू आपली वळकटी आपल्याच पाठीवर घेई, आणि वाटेतील कष्ट हा त्या पुण्याचाच एक भाग मानला जाई.

केवळ थंड हवेसाठी सारा संसार डोंगरापार नेण्याचा थाट उत्तरेत मांडला तो मोगल बादशहांनी. १५८६ साली अकबराने काश्मीर जिंकले आणि त्याच्या मुलाला तर त्या भूमीचे वेडच लागले. जहांगीर १६२७ साली वारला तोही काश्मीरहून परतताना वाटेतच. पुढे औरंगजेब काश्मीरच्या स्वारीवर निघाला तेव्हा बर्निए हा फ्रेंच वैद्य त्या लवाजम्याबरोबर होता, आणि त्याने त्या प्रवासाचे बारकाईने वर्णन करून ठेवले आहे. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकात मुक्काम चालू असे, तेव्हा दुसरा पुढच्या टप्प्यावर उभारला जात असे. ह्या आघाडीच्या सरंजामास पेशखाना म्हणत. डोंगर लागला की उंट आणि गाड्या निरुपयोगी ठरत, आणि हजारो हमाल गोळा करून त्यांच्या पाठीवर बादशाही सामान चढवावे लागे. पीरपंजालच्या चढणीवर एक हत्ती बिचकून मागे सरला आणि त्याच्या धक्क्याने मागचे हत्ती एकामागून एक दरीत कोसळले, ही हकीकतही बर्निएनेच नोंदविली आहे. ह्या यात्रेत पुण्याचा प्रश्न नव्हता. गारवा एकाने भोगावा आणि ओझे दुसऱ्याने वाहावे, ही वाटणी येथे प्रथम स्पष्ट दिसते.

इंग्रजांनी ह्या हौसेला नियमाचे रूप दिले. मैदानी छावण्यांत गोरे शिपाई तापाने आणि पटकीने मरत. डासांचा आणि हिवतापाचा संबंध १८९७ पूर्वी सिद्ध झालेला नव्हता. दूषित हवेने रोग होतो अशीच समजूत होती, आणि उंचावरची हवा निर्दोष असते असे वैद्य सांगत. तेव्हा प्रथम आजारी लोकांसाठी, मग अधिकाऱ्यांसाठी आणि शेवटी खुद्द सरकारसाठी डोंगरांचा शोध सुरू झाला.

ह्या शोधाचे एक पान आपल्या महाराष्ट्रातच लिहिले गेले. १८२४ साली लॉडविक हा लष्करी अधिकारी महाबळेश्वरचे पठार चढून गेला. १८२८ साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्याने तेथे वसाहत करण्याचे मनावर घेतले, आणि पुढच्याच वर्षी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार होऊन ते पठार कंपनीकडे आले. मोबदल्यात महाराजांना वाई भागातील खंडाळा हे गाव मिळाले. वसाहतीला माल्कमपेठ असे नाव पडले. महाराजांच्या नशिबी पुढे काय वाढून ठेवले होते ते आपण जाणतोच. १८३९ साली कंपनीने त्यांना पदच्युत करून काशीस पाठविले आणि १८४७ साली तेथेच त्यांचा अंत झाला. ज्याने मुंबईच्या साहेबांना सह्याद्रीचा गारवा दिला, त्याने आपले अखेरचे उन्हाळे काशीच्या रखरखाटात काढले.

सिमल्याची कथा हिच्याशी विलक्षण जुळते. गुरख्यांशी झालेले युद्ध १८१६ साली संपले आणि सतलजपर्यंतच्या डोंगरी संस्थानांवर कंपनीचा अंमल बसला. १८२२ साली केनेडी ह्या राजकीय अधिकाऱ्याने सिमल्याला पहिले पक्के घर बांधले. १८२७ च्या उन्हाळ्यात गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲमहर्स्ट त्याच घरी येऊन राहिला, आणि १८३० साली बेंटिंकच्या कारकिर्दीत केओंथळचा राणा व पतियाळाचे महाराज ह्यांच्याकडून सिमल्याची जमीन अदलाबदलीने घेण्यात आली. महाबळेश्वर १८२९, सिमला १८३०. साताऱ्यात आणि सतलजेकाठी एकाच काळात एकाच रीतीने डोंगरमाथे हस्तांतरित होत होते. करार संस्थानिकांशी झाले. त्या माथ्यांवर गुरे चारणाऱ्या आणि लाकूडफाटा गोळा करणाऱ्या गावकऱ्यांना त्यात स्थान नव्हते. आणि सिमला हे नुसते आरामस्थान राहिले नाही. पहिल्या अफगाण युद्धाचा जाहीरनामा १ ऑक्टोबर १८३८ रोजी ऑक्लंडने तेथूनच काढला.

१८६४ साली सर जॉन लॉरेन्सने सिमल्याला हिंदुस्थान सरकारची उन्हाळी राजधानी केले. कलकत्त्याच्या पाच दिवसांत जेवढे काम होते त्याहून अधिक सिमल्याच्या एका दिवसात होते, असा त्याचा दावा होता. पंजाब आणि वायव्य सरहद्द येथून जवळ पडते, हा दुसरा आणि अधिक वजनदार मुद्दा होता. मग प्रांतिक सरकारेही त्याच वाटेने गेली. संयुक्त प्रांताचे सरकार नैनितालला, बंगालचे दार्जिलिंगला, मद्रासचे उटकमंडला, मुंबईचे महाबळेश्वरला. आमच्या नागपूरकडील मंडळींना आठवत असेल की मध्यप्रांताच्या सरकारचा उन्हाळा पचमढीला जात असे.

ह्या स्थलांतराची सिद्धता कशी होत असेल ह्याची कल्पना, बदलीचा हुकूम हाती पडल्यावर घर आवरलेल्या प्रत्येकाला करता येईल. कलकत्ता ते सिमला सुमारे बाराशे मैलांचे अंतर. दिल्ली-अंबाला-काल्का हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्यापूर्वी अंबाल्यापासून पुढचा प्रवास घोड्यांच्या गाड्यांनी करावा लागे. काल्क्यापासून सिमल्यापर्यंत अठ्ठावन्न मैलांचा गाडीरस्ता होता. माणसे टांग्यातून जात, टप्प्याटप्प्यांवर घोडी बदलली जात, आणि दप्तरांच्या पेट्या व घरसामान बैलगाड्यांतून मागाहून येई. साहेबांसाठी सिमल्याची घरे आधीच भाड्याने घेऊन ठेवावी लागत. कारकुनांची अवस्था निराळी होती. पगार एक आणि चुली दोन. मुलांची शाळा अर्धे वर्ष एकीकडे, अर्धे वर्ष दुसरीकडे. त्यांपैकी पुष्कळ बंगाली होते. सिमल्याची कालीबाडी १८४५ सालची, म्हणजे राजधानी होण्यापूर्वीची आहे. परमुलखात नोकरीला गेलेला मनुष्य पहिल्याने देवघर आणि मंडळ उभारतो, ह्याचा प्रत्यय आपले गणेशोत्सव पाहणाऱ्याला वेगळा सांगावयास नको.

गाड्या गावापर्यंत पोहोचत, दारापर्यंत नव्हे. तेथून पुढे सारे काही माणसाच्या पाठीवर चाले. आरंभी बायका झंपानातून जात. ते चार माणसांनी खांद्यावर वाहावयाचे. पुढे माणसांनी ओढावयाच्या रिक्षा आल्या. माल रस्त्यावर घोड्याच्या गाडीत बसण्याचा मान व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा लेफ्टनंट गव्हर्नर ह्या तिघांनाच असे. बाकीच्यांनी पायी जावे किंवा रिक्षात बसावे. १८८८ साली डफरिनच्या कारकिर्दीत भव्य व्हाइसरॉय निवास बांधून पुरा झाला आणि त्यात विजेचे दिवेही लागले. पण लाकूडफाटा, कोळसा, दगड, पियानो, सारे खालून वर आणणारे यंत्र अजून पहाडी हमालाची पाठ हेच होते.

ह्या ओझ्याला दोन नावे होती. बाजारात मजुरी ठरवून उचललेले ओझे एक, आणि बेगारीचे ओझे दुसरे. बेगार हा शब्द आपल्याला नवा नाही. कोणाला वेठीस धरू नये असे आपण सहज बोलून जातो; वेठबिगार म्हणजे काय हे भाषेने जपून ठेवले आहे, जरी आपण ते विसरलो असलो तरी. कुमाऊंच्या पहाडात ह्या बेगारीची पद्धत चांगलीच रुजलेली होती. अधिकारी दौऱ्यावर, शिकारीवर किंवा नुसत्या सहलीवर निघाला की वाटेवरच्या गावांनी त्याचे सामान पुढच्या मुक्कामापर्यंत पोहोचवावे, त्याला कुली उतार म्हणत. दूध, धान्य, लाकूड, गवत पुरवावे, त्याला बर्दायश म्हणत. कोणाची पाळी केव्हा ह्याच्या नोंदवह्या गावच्या प्रमुखाकडे असत. पेरणीचे किंवा कापणीचे दिवस आहेत ही सबब चालत नसे. साहेबांचा प्रवासाचा हंगाम आणि शेतकऱ्याचा कामाचा हंगाम हा बहुधा एकच पडे. म्हणजे साहेबाच्या सहलीची योजना जेव्हा कचेरीत आखली जाई, तेव्हाच कोणाच्या तरी शेतातला एक दिवस परस्पर खर्ची पडत असे.

१४ जानेवारी १९२१ रोजी, उत्तरायणीच्या जत्रेत, बागेश्वरला हजारो शेतकरी शरयू आणि गोमती ह्यांच्या संगमावर जमले. बद्रीदत्त पांडे आणि त्यांचे सहकारी पुढे होते. ह्यापुढे बेगार करणार नाही अशी शपथ घेऊन लोकांनी त्या नोंदवह्या नदीत सोडून दिल्या. गोळी चालली नाही, डोकी फुटली नाहीत, आणि शतकभराची प्रथा मोडली. त्याच सुमारास सिमल्याच्या पलीकडे, हिंदुस्थान-तिबेट रस्त्यावरील कोटगडला, सॅम्युअल स्टोक्स ह्या अमेरिकन गृहस्थाने गावकऱ्यांना संघटित करून बेगारीविरुद्ध लढा दिला आणि यश मिळविले. हे स्टोक्स पुढे सत्यानंद झाले. १९१६ साली त्यांनी लावलेल्या अमेरिकन सफरचंदाच्या रोपांनी त्या साऱ्या प्रदेशाचे अर्थकारण पालटले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. बेगारीची गोष्ट तितकीशी नाही. त्याच वर्षी मे महिन्यात गांधीजी लॉर्ड रीडिंगला भेटण्यासाठी प्रथमच सिमल्याला आले, आणि जे सरकार पाचशेव्या मजल्यावर बसून कारभार करते त्याला खालच्या जनतेचे म्हणणे कसे ऐकू यावे, अशा आशयाचे त्यांनी लिहिले. लॉरेन्सच्या दाव्याला सत्तावन्न वर्षांनी मिळालेले हे उत्तर होते. काम अधिक होत असेलही, पण ते कोणाचे काम?

मधल्या काळात ९ नोव्हेंबर १९०३ रोजी काल्का-सिमला ही छोटी आगगाडी सुरू झाली होती. रुळांतील अंतर अडीच फूट, लांबी सुमारे ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे आणि शेकडो पूल. बरोगचा बोगदा तर ११०० मीटरांहून लांब. काल्का समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आणि सिमला २०७५ च्या आसपास. चौदाशे मीटरांची ही चढण ती गाडी वळसे घेत शांतपणे चढते. २००८ साली ह्या मार्गाचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. ह्या गाडीने बैलगाड्यांचा भार हलका केला आणि हळूहळू डोंगर मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. दुसऱ्या महायुद्धाबरोबर सचिवालयाचे वार्षिक स्थलांतर बंद पडले. व्हाइसरॉयच्या वाड्यात १९६५ साली उच्च अध्ययन संस्था आली. साहेब गेले, आणि त्यांचा उन्हाळा आपल्याकडे आला.

त्याबरोबर ओझेही आले, फक्त ते आता दिसत नाही. २०१८ च्या मे महिन्यात सिमल्याचे नळ कोरडे पडले. ऐन हंगामात नागरिकांनी रिकामी भांडी घेऊन रस्त्यावर रांगा लावल्या, उन्हाळी महोत्सव पुढे ढकलावा लागला, आणि पर्यटकांनी तूर्त येऊ नये असे खुद्द गावकरीच सांगू लागले. कारण उघड आहे. गाव कड्यावर वसले आहे आणि पाणी खालच्या ओढ्यांत आहे; गुम्म्यासारख्या ठिकाणांहून ते पंपांनी वर चढवावे लागते. साहेबांच्या काही हजार वस्तीसाठी निवडलेल्या त्या माथ्यावर २०११ च्या शिरगणतीत सुमारे १,७०,००० लोक होते, आणि पाहुणे ह्या आकड्याच्या बाहेरचे. नैनितालला १८ सप्टेंबर १८८० रोजी दरड कोसळून १५१ माणसे दगावली, तेव्हापासून डोंगराच्या सोसण्याला मर्यादा आहे हे कागदोपत्री तरी मान्य झालेले आहे.

एवढ्यावरून जाऊच नये असा अर्थ कोणी काढू नये. वर्षभर मैदानात घाम गाळणाऱ्या माणसाने आठ दिवस देवदारांच्या छायेत काढले तर त्यात गैर काहीच नाही. परंतु बेत आखताना काही गोष्टी ध्यानात ठेवता येतील. मे-जूनचा कडेलोट टाळून मार्चअखेर किंवा ऑक्टोबरात जावे. हवा तेव्हा अधिक निर्मळ असते आणि गावावरचा ताणही कमी असतो. मोटारीऐवजी ती छोटी गाडी धरावी. मालवरून फिरून झाले की लोअर बाजाराच्या पायऱ्या उतराव्यात. तेथे आजही पाठीवर दोर लावून ओझे वर नेणारे हमाल दिसतात. त्यांतले पुष्कळ काश्मीरकडचे किंवा नेपाळचे, म्हणजे आपल्यासारखेच घर सोडून पोटासाठी आलेले. त्यांच्याकडून सामान उचलून घेतलेच, तर ठरलेल्या मजुरीत घासाघीस करू नये. आणि सवड मिळाल्यास कोटगडपर्यंत जावे. तिकडे जाणारा रस्ता हा तोच हिंदुस्थान-तिबेट रस्ता आहे. त्यावर एके काळी बेगारीची ओझी चालत. आता हंगामात सफरचंदांच्या पेट्यांनी भरलेल्या मालमोटारी चालतात, आणि त्या पेट्यांवर मालकाचे नाव तेथल्याच शेतकऱ्याचे असते.