कुंडीतला वाटाणा आणि फाळक्यांचा कॅमेरा

नेहमीप्रमाणे हा भाग ऐकायलाही आहे आणि वाचायलाही. पण यावेळी जमलं तर वाचाच, कारण मध्ये एक हिशोब येतो आणि ऐकताना आकडे हातातून निसटतात.

शाळेत न जाता घरीच शिकणारी मुलं आता आपल्या ओळखीतही दिसायला लागली आहेत. वय झालं की मुक्त विद्यालयातून दहावीची परीक्षा देता येते, त्यामुळे कागदपत्रांचा प्रश्न बराचसा सुटतो. तरी नातेवाइकांचा एक प्रश्न काही सुटत नाही: "बाकी सगळं ठीक आहे हो, पण प्रयोगशाळेचं काय? सायन्स घरी कसं करणार?"

याचं एक उत्तर ११० हून जास्त वर्षांपूर्वी गिरगाव-दादरच्या पट्ट्यातच देऊन झालंय. आपण ते सिनेमाच्या खात्यात टाकून दिलं, म्हणून विज्ञानाच्या खात्यात कोणी शोधत नाही, इतकंच.

दादर पूर्वेला स्टेशनाजवळ दादासाहेब फाळके रोड आहे. फाळके म्हटलं की आपल्याला 'राजा हरिश्चंद्र' आठवतो, १९१३ सालचा. त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

एप्रिल १९११. फाळके चाळिशीत पोचलेले. छपाईच्या धंद्यातल्या भागीदारीतून बाहेर पडलेले, हातात ठरावीक मिळकत नाही. त्या गुड फ्रायडेला ते थोरल्या मुलाला, भालचंद्रला, घेऊन गिरगावातल्या एका तंबू-थिएटरात गेले आणि प्राण्यांचा सिनेमा पाहिला. दुसऱ्या दिवशी सगळ्या घराला घेऊन पुन्हा गेले. त्या दिवशी पडद्यावर येशू ख्रिस्ताचं चरित्र होतं. आपले देव असे पडद्यावर कधी येणार, हा विचार तिथे डोक्यात शिरला, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला त्यापुढचे महिने जास्त महत्त्वाचे वाटतात.

कारण पुढे जे झालं ते चक्क घरचे प्रयोग होते. फाळक्यांनी एक छोटं यंत्र आणि फिल्मचे तुकडे मिळवले. रात्री मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून भिंतीवर चित्रं पाडायची, घरच्यांना दाखवायची. उजेड कुठे ठेवला की चित्र मोठं होतं, कुठे ठेवला की धूसर होतं, हे आज आपण प्रकाशाच्या धड्यात शिकतो. हा माणूस ते स्वतःच्या घरच्या भिंतीवर करून बघत होता. त्यांच्या अंगात जादूगारही होता बरं का. 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे खेळ करायचे. फाळके उलटं वाचा, केळफा! प्रेक्षकाचा डोळा कुठे फसतो, याचा अभ्यास आधीपासूनच झालेला होता.

याची किंमतही मोजावी लागली. रात्र-रात्र सिनेमे बघून, जागून त्यांचे डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासंच झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये बोटीने थेट लंडन. तिथे चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिलं, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, फिल्मला भोकं पाडायचं यंत्र मागवलं आणि परतले.

मे १९१२ मध्ये यंत्रं घरी आली. आता कॅमेरा आहे, पण सिनेमा काढायला पैसे नाहीत. पैसेवाल्याला कसं पटवायचं? नुसतं बोलून कोण ऐकणार?

फाळक्यांनी कुंडीत वाटाणे पेरले.

समोर कॅमेरा लावला, हलू द्यायचा नाही असा. रोज थोडं थोडं चित्रण करायचं, महिनाभर. बी फुगलं, कोंब आला, पानं फुटली, वेल वर चढला. मग ती फिल्म एका दमात फिरवून दाखवली. लोकांच्या डोळ्यांसमोर मिनिटभरात मातीतून वेल उगवला! या पट्टीचं नाव 'अंकुराची वाढ'. ती पाहून यशवंतराव नाडकर्णींसारखे लोक कर्ज द्यायला तयार झाले. भारतातला पहिला मोठा कथापट ज्या पैशांवर उभा राहिला, त्यातले काही एका वाटाण्याने मिळवून दिले, असं म्हणायला हरकत नाही.

आता तो हिशोब. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट अशी सांगितली जाते: रोज एक फ्रेम, महिनाभर, आणि तयार झाली मिनिटापेक्षा थोडी मोठी फिल्म. घरी शिकणारं मूल असेल तर हे वाक्य त्याच्यापुढे ठेवा आणि विचारा, पटतं का?

त्या काळी साधारण सेकंदाला १६ चित्रं या वेगाने फिल्म चालायची. रोज एक फ्रेम म्हणजे महिन्याच्या ३० फ्रेम. ३० भागिले १६, म्हणजे दोन सेकंदही नाहीत! डोळा मिचकावला की संपलं. उलट एका मिनिटाला हव्यात ६० गुणिले १६, म्हणजे ९६० फ्रेम. त्या ३० दिवसांत वाटल्या तर रोजच्या ३२. चोवीस तास सारख्या अंतराने घ्यायच्या तर दर ४५ मिनिटांनी एक. फक्त दिवसाच्या १२ तासांत घ्यायच्या तर दर साडेबावीस मिनिटांनी. म्हणजे 'रोज एक फ्रेम' आणि 'एक मिनिट' या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. कित्येक लेखांत हे वाक्य जसंच्या तसं छापलं गेलंय आणि त्रैराशिक येणारा कुठलाही सहावीतला मुलगा किंवा मुलगी ते खोडू शकते. माझ्या मते घरच्या विज्ञानाचा हा सगळ्यात चांगला धडा आहे, आणि त्याला टेस्ट ट्यूब लागत नाही.

असं चित्रण करणारे फाळके जगात पहिले नव्हते, हेही सांगून टाकू. जर्मनीत विल्हेल्म फेफर या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच झाडांची हालचाल अशी टिपली होती. लंडनमध्ये पर्सी स्मिथने १९१० मध्ये उमलणारी फुलं पडद्यावर आणली होती. त्याने फाळक्यांचं मोल मला तरी कमी वाटत नाही. फेफरच्या पाठीशी विद्यापीठ होतं. इथे राहतं घर, गहाण पॉलिस्या आणि मुलाबाळांचा संसार.

आणि हे एकट्याचं काम नव्हतं. सरस्वतीबाईंनी फिल्म अंधारात धरून कडेला भोकं पाडायचं काम शिकून घेतलं. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, हेही त्याच करायच्या. पुढे पैसे कमी पडले तेव्हा दागिने दिले, शूटिंगच्या माणसांचा स्वयंपाकही केला. म्हणजे त्या घरात रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल रोज चालू होतं, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नव्हतं. मुलगा भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला. फाळक्यांनी नंतर आगकाड्या हलवून 'आगकाड्यांची मौज' नावाची पट्टीही केली. आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची ट्यूब घेऊन भूमितीचे आकार करायला पुढे अरविंद गुप्तांनी मुलांना शिकवलं, तेव्हा त्या काडीला एक मराठी पूर्वज होता म्हणायचा!

इथून सरळ १९७४ वर येऊ, कारण घर म्हटलं की प्रश्न येतो, कोणाचं घर? फाळक्यांकडे पैसे नव्हते, पण वेळ होता, वाचन होतं, हात शिकलेले होते. परळ-लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या गिरणी कामगारांच्या मुलांचं काय?

त्या वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या छत्राखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं, तेही ग्रँट रोडजवळच्या नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत. पैसा सर दोराबजी टाटा ट्रस्टचा, प्रमुख वि. गो. कुलकर्णी, जे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. मानखुर्दचा मोठा परिसर फार नंतर, १९९२ मध्ये आला. महापालिकेच्या शाळांतल्या मुलांबरोबर काम करताना या मंडळींच्या लक्षात आलं, की मोठा अडसर पुस्तकातली भाषा हा आहे. मुलांची बुद्धी कमी पडत नव्हती. जड संस्कृत शब्दांचं वाक्य सोपं केलं, प्रयोग मुलांच्या हातात दिला, की तीच मुलं पुढे जात होती.

म्हणून घरी शिकवणाऱ्या पालकांना एक रोखठोक गोष्ट सांगावीशी वाटते. हजारो रुपयांचे सायन्स किट मिळतात, सूचना इंग्रजीत, दहा मिनिटांत फुगा फुगतो आणि डबा माळ्यावर जातो. शाळेतला प्रयोग पस्तीस मिनिटांच्या तासात बसावा लागतो, ही शाळेची अडचण आहे. वाटाणा तासात बसत नाही. घरात महिनाभर बसतो. जिथे आई-वडील दोघंही दिवसभर बाहेर, तिथे घरशिक्षण परवडणारं नाही हे खरंच आहे, पण खिडकीतली कुंडी शाळेत जाणाऱ्या मुलालाही परवडते.

तर करायचं कसं? मुंबईच्या उकाड्यात वाटाणा कुरकुरतो, तो थंडीतला. तेव्हा इतर वेळी वाल घ्या, बिरड्यांसाठी घरात असतातच. रात्रभर भिजवा, दोन-तीन दाणे काचेच्या ग्लासात कडेला लावा, म्हणजे मुळंही दिसतील. बाजूला काठी रोवा. जुना फोन असेल तर चार्जरला लावून पट्टीने घट्ट बसवा, दर अर्ध्या तासाला एक फोटो, दहा दिवस. ४८० फोटो होतात, सेकंदाला १६ या वेगाने बरोबर अर्धा मिनिट. जुना फोन नसेल तर सकाळ-संध्याकाळ एकेक फोटो, फोन ठेवायच्या जागेवर खडूने खूण करून. २० फोटोंची पट्टी सव्वा सेकंदात संपेल, म्हणून सेकंदाला चार चालवा.

मग वेल काठी शोधताना त्याचा शेंडा कसा गोल-गोल फिरतो ते बघा. डार्विनने आजारपणात घरी बसून नेमकं हेच पाहिलं होतं आणि १८६५ मध्ये त्यावर मोठा निबंध लिहिला. दुसऱ्या ग्लासावर खोका पालथा घाला, एका बाजूला भोक ठेवा. आणि शेंडा कुठल्या दिशेने फिरतो, घड्याळासारखा की उलटा, हे आधी वहीत लिहून ठेवायला सांगा. फोटो नंतर बघायचे.