जुन्या कॉमिक्सचे प्रेसिंग, प्रतवारी आणि लिलावातील भाव

इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा माळ्यावर असलेली घरे आपल्यात अजून आहेत. ज्यांची मुले-नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांच्या कानावर तिकडच्या कॉमिक्सच्या लिलावांचे आकडेही येतात. दहा सेंटला विकला गेलेला अंक साठ लाख डॉलरला कसा जातो, असे विचारले जाते. दुर्मिळता हे त्याचे अर्धेच उत्तर झाले. उरलेले अर्धे अंकाच्या स्थितीत आहे, आणि ती स्थिती कोण व कशी ठरवतो यात आहे. हा बाजार मुख्यतः अमेरिकेतला असल्याने उदाहरणेही तिकडचीच घेतली आहेत.

सुपरमॅन पहिल्यांदा ज्यात आला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक जून १९३८ चा. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याची ८.० प्रतीची एक प्रत १० लाख डॉलरला विकली गेली. पुढच्याच महिन्यात ८.५ ची प्रत १५ लाखांना गेली. ही प्रत अनेक वर्षे एका जुन्या सिनेमासिकाच्या पानांत दडून राहिली होती. अंक तोच, बाजार तोच, फरक अर्ध्या गुणाचा. किंमत मात्र दीडपट. २०११ मध्ये ९.० ची प्रत २१ लाख ६० हजारांना गेली. ही अभिनेते निकोलस केज यांच्याकडून २००० साली चोरीला जाऊन नंतर सापडलेली प्रत. २०१४ मध्ये ९.० चीच दुसरी प्रत ३२ लाख ७ हजार ८५२ डॉलरला, आणि २०२४ मध्ये ८.५ ची प्रत ६० लाखांना गेली.

हे गुण देणारी प्रमुख संस्था म्हणजे फ्लोरिडातील सीजीसी. तिचे काम २००० साली सुरू झाले. त्याआधी विकणारा स्वतःच ‘नवा कोरा’, ‘उत्तम’ असे लिहीत असे आणि वाद घालण्यात दोघांचाही वेळ जाई. आता अंक तपासून ०.५ ते १०.० या पट्टीवर गुण देतात आणि तो टणक प्लॅस्टिकच्या सीलबंद कवचात घालून देतात. त्याला ‘स्लॅब’ म्हणतात. ९.० च्या वर पायऱ्या बारीक होतात: ९.२, ९.४, ९.६, ९.८, ९.९ आणि १०.०. कोपरे, शिवणीकडची कडा, पिनांचा गंज, मुखपृष्ठाची चकाकी, पानांचा पांढरेपणा हे सारे पाहिले जाते. वरच्या पायऱ्यांवर उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढ्याच फरकाचे पैसे मोजले जातात.

नेमके इथेच प्रेसिंग येते. कागदाला थोडा दमटपणा देऊन, मग गरम प्रेसमध्ये चिकटू न देणाऱ्या कागदांच्या मध्ये ठेवून दाबतात आणि वजनाखाली सावकाश थंड होऊ देतात. बोटाचे दाब, लाटा, पोचे, हलक्या मुरडी यांनी बसतात. ज्या घडीवर शाईचा थर तुटून पांढरी रेघ उमटली आहे, ती मात्र जात नाही. फाटलेले, गंजलेले, डागाळलेले प्रेसने सुधारत नाही. काम वाईट झाले तर चकाकी जाते, पिनांच्या खुणा मुखपृष्ठावर उठतात, मुखपृष्ठ आखडून आतली पाने कडेने बाहेर डोकावतात. चांगल्या हाताखाली गेलेला अंक मात्र एक-दोन पायऱ्या वर चढू शकतो, आणि वरच्या पायऱ्यांवर एका पायरीची किंमत काय हे आपण पाहिलेच.

रंग भरणे, तुकडा जोडणे, कडा कापणे याला सीजीसी दुरुस्ती मानते व जांभळी चिठ्ठी लावते. तशा अंकाचा भाव पुष्कळ पडतो. प्रेसिंगला मात्र ती दुरुस्ती मानत नाही आणि चिठ्ठीवर त्याचा उल्लेखही नसतो. शिवाय प्रेसिंग करून देणारी सीसीएस ही त्याच उद्योगसमूहातली. आमच्यात बँकेत हयात घालवलेले बरेच आहेत. बँकेत मळकी नोट आणि कोरी नोट यांची किंमत एकच, पण जुन्या नोटांच्या संग्राहकांचे तसे नाही. याच समूहाची पीएमजी ही संस्था जुन्या नोटांना गुण देते, आणि दाबून सपाट केलेल्या नोटेला मूळ कागदाबद्दलचा ‘ईपीक्यू’ हा विशेष शेरा देत नाही. एकाच छताखाली नोटेसाठी एक न्याय आणि कॉमिकसाठी दुसरा! प्रेसिंगवाल्यांचे म्हणणे असे की यात काही भरले जात नाही, काढले जात नाही. ते खरे आहे. तरीही खरेदीदाराला सांगायला हवे, असे आमचे मत आहे. गहाणाच्या मालावर काय काम झाले ते मूल्यांकनात लिहावेच लागते.

यातूनच एक धंदा उभा राहिला आहे: स्लॅब फोडायचा, अंक प्रेस करायचा, पुन्हा गुणांसाठी पाठवायचा. कोणत्या गुणाच्या किती प्रती आहेत याची गणती सीजीसी प्रसिद्ध करते. जुनी चिठ्ठी परत केली नाही तर एकच प्रत तिथे दोनदा मोजली जाते. म्हणून ‘जगात इतक्याच प्रती’ हे वाक्य जपून वाचावे. २०२३-२४ च्या सुमारास तर स्लॅब उघडून आतला अंक बदलल्याची प्रकरणे सीजीसीनेच जाहीर केली. चिठ्ठीवरचा क्रमांक संकेतस्थळावर तपासावाच, आणि तिथे छायाचित्र असेल तर तेही हातातल्या प्रतीशी ताडून पाहावे.

लिलावाच्या भावाबद्दलही एक हिशेब. मोठ्या लिलावगृहांचे जाहीर आकडे सहसा खरेदीदाराच्या अधिभारासह असतात. हातोडा १,००० डॉलरवर पडला आणि अधिभार २० टक्के असेल, तर छापून येते १,२००. विकणाऱ्याच्या हाती १,००० किंवा कमिशन वजा जाऊन त्याहून कमी. प्रेसिंग, गुणांचे शुल्क, टपाल, विमा यांचा खर्च वेगळा. मधल्या प्रतीच्या साध्या अंकावर हा खर्च निघतही नाही.

घरच्या गठ्ठ्याविषयी. इंद्रजालचे अंक १९६४ पासून निघाले. मराठीतला वेताळ वाचून आमची पिढी वाढली. हे अंक अमेरिकी लिलावांच्या हिशेबात धरू नयेत, पण रद्दीतही घालू नयेत. कपड्यांची इस्त्री त्यांवर फिरवू नये, चिकटपट्टी लावू नये, गंजलेली पीन ओढून काढू नये. गोव्यासारख्या दमट हवेत पावसाळ्यात कपाट अधूनमधून उघडावे, प्रत्येक अंक पॉलिएस्टरच्या पिशवीत आम्लरहित पुठ्ठ्यासह उभा ठेवावा आणि कसर लागली आहे का ते पाहत जावे.